रक्ताची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात का?

चिठ्ठी साधी असते. छापील फॉर्मवर डॉक्टर लिहितात : पीसीव्ही दोन, क्रॉसमॅच, अर्जंट. म्हणजे तांबड्या पेशींच्या दोन पिशव्या, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून, तातडीनं. सिस्टर रुग्णाच्या हातातून रक्त काढते, दोन बल्ब, म्हणजे नमुन्याच्या छोट्या नळ्या, भरते, त्यावर नावाची पट्टी चिकटवते आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकाच्या हातात देते. "ब्लड बँकेत जावा. आणि दोन डोनर संगट न्या, त्याशिवाय मिळायचं नाही." एवढं सांगून ती पुढच्या खाटेकडे वळते. तिलाही दहा कामं असतात. पण त्या घडीपासून आजारी माणसाचं जगणं त्याच्या घरच्यांच्या ओळखीपाळखीवर येऊन पडतं.

गेली बावीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावात मंडळातर्फे रक्तदान शिबिरं भरवतो. त्यामुळे अशा चिठ्ठ्या घेतलेली माणसं माझ्यापर्यंत येतात. बहुतेक वेळा फोनवर काम भागतं. एका थंडीत मात्र मी स्वतः गेलो, आणि त्या रात्रीपासून या प्रश्नाकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

कारखान्याचा पट्टा चालू होता. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतली एक बाई एका रुग्णालयात बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. नवऱ्याला दोन पिशव्यांची चिठ्ठी मिळाली. त्याची सगळी ओळख म्हणजे त्याची टोळी आणि टोळी म्हणजे फडाशेजारच्या कोप्यांतली दहा-बारा माणसं. त्यातले दोघे त्याच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून रक्तपेढीत आले होते. मी पोहोचलो तेव्हा तिघांची तपासणी होऊन गेली होती. नवऱ्याचं हिमोग्लोबिन अकराच्या आत; किमान साडेबारा लागतं. मेहुण्याला सहा महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती. तिसरा पोरगा, मिसरूडही नीट न फुटलेला, अठराचा आहे म्हणत होता. त्याच्याकडे कागद नव्हता. तिघेही बाद. नवरा तंत्रज्ञासमोर बाही वर करून उभा होता आणि म्हणत होता, "साहेब, माझंच घ्या ना. दोनदा घ्या. मला काही होत नाही."

मी रक्त दिलं, माझ्याबरोबर आलेल्या मित्रानं दिलं आणि दोन पिशव्या बाहेर आल्या. बाई वाचल्या. पण खाटेवर पडून हातातला चेंडू दाबत असताना माझ्या डोक्यात आलं ते असं. माझा गट ओ, त्या बाईंचा बी. पेढी शक्यतो रुग्णाच्याच गटाचं रक्त देते, त्यामुळे माझं रक्त त्यांना जाणारच नव्हतं. आणि गट एक असता तरी त्या रात्री ते देता आलंच नसतं, कारण एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि हिवताप या पाच तपासण्या होईपर्यंत कुठलीही पिशवी बाहेर पडत नाही. बाईंना दिलेल्या दोन्ही पिशव्या आधीपासून फ्रिजमध्ये होत्या. तपासलेल्या, नंबर पडलेल्या, तयार. नवरा तिथे पहिल्यांदा आला तेव्हाही त्या तिथेच होत्या. मधले जवळजवळ दोन तास गेले ते फक्त बदल्यात माणूस मिळावा म्हणून. बाळंतपणातला मोठा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, हे त्या इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. रक्त मिळवण्याची जबाबदारी नातेवाइकाची नाही. बदली रक्तदाता मागण्याची पद्धत, तोंडी असो वा लेखी, "जमलं तर बघा" अशा गोड शब्दांत असो, ती बंद झाली पाहिजे. रुग्णालय आणि रक्तपेढी यांनी आपसात रक्त मागवावं, पोचवावं आणि चढवावं. नातेवाइकानं रुग्णाच्या उशाशी बसावं.

ही मागणी नवी नाही. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला. त्यातून राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या, आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात बदली रक्तदात्यांची पद्धत टप्प्याटप्प्यानं संपवायची असं लिहिलेलं आहे. दात्यासाठी अडवणूक करू नये अशा परिषदेच्या सूचना आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या जन्मजात रक्तविकारांच्या रुग्णांना तर रक्त मोफत आणि बदली दात्याशिवाय द्यायचं आहे. म्हणजे कागदावर आपण हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. खिडकीवर तो रोज नव्यानं उभा राहतो.

खिडकीमागच्या माणसाची बाजू मी ऐकलेली आहे, आणि ती खोटी नाही. आमच्या ओळखीच्या एका तंत्रज्ञानं मला एकदा मे महिन्यात फ्रिज उघडून दाखवला होता. चार खण. ए पॉझिटिव्हच्या तीन पिशव्या, बी च्या दोन, ओ ची एक, निगेटिव्हचा खण रिकामा. तो म्हणाला, "भाऊ, मी न मागता देत राहिलो तर उद्या सकाळी अपघाताची केस आली की कुणाच्या तोंडाकडं बघू? लोक रक्त घेऊन जातात, परत फिरकत नाहीत. मागितलं तर निदान एक तरी देतो." त्याची भीती खरी आहे. रक्त कारखान्यात तयार होत नाही, आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला रिकाम्या फ्रिजची धास्ती वाटणारच.

पण हा फ्रिज रिकामा का, याचं उत्तर रुग्णाच्या नातेवाइकाकडे नाही. ते बऱ्याच अंशी आमच्यासारख्या शिबिरवाल्यांकडे आहे. हे लिहिताना मला जड जातं, कारण त्यात माझी बावीसपैकी जवळजवळ वीस वर्षं आहेत.

महाराष्ट्रात रक्त देणारी माणसं कमी नाहीत. रक्तसंकलनात हे राज्य देशात सतत पुढे राहिलं आहे. गेल्या काही वर्षांत वर्षाला वीस लाख पिशव्यांच्या आसपास रक्त इथे गोळा होतं. तरीही दर मे महिन्यात तुटवड्याच्या बातम्या येतात. कॉलेजं बंद असतात, मुंबई-पुण्याचा निम्मा माणूस गावी गेलेला असतो, लग्नसराई असते, ऊन असतं. उलट शिवजयंती, प्रजासत्ताक दिन, गणेशोत्सव आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवसांत एकेका तालुक्यात एकाच दिवशी चार-चार मांडव पडतात. रक्त असं साठवून ठेवता येत नाही. तांबड्या पेशींची पिशवी दोन ते सहा अंश तापमानात नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस टिकते, पोषक द्रावण घातलं तर ४२. प्लेटलेट तर पाचच दिवस, आणि तेही सतत हलत्या तबकात, खोलीच्या तापमानाला. एका वाढदिवसाला हजार पिशव्या जमवल्या, तर जिल्ह्याची तेवढ्या दिवसांची गरज भागून उरलेल्या पिशव्या मुदत संपून फेकाव्या लागतात. आणि ज्या हजार लोकांनी रक्त दिलं, त्यातल्या पुरुषांना पुढचे तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने देता येत नाही. म्हणजे फेकलेली पिशवी तर गेलीच, वर तो दाताही ऐन गरजेच्या दिवसांसाठी हातचा गेला.

आमचं शिबिर नेत्याच्या वाढदिवसाला असे. मांडव, हार, फ्लेक्स, आणि संध्याकाळी आकडा. आकड्यासाठी आम्ही जीव टाकायचो. गेल्या वर्षी एवढं, यंदा तेवढं, शेजारच्या मंडळापेक्षा जास्त. एका वर्षी रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडम दुपारी दोनला म्हणाल्या, "आता थांबवा, आमच्याकडे ठेवायला जागा नाही." मी हात जोडून अजून पन्नास घ्यायला लावल्या. त्या पिशव्यांचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. आज वाटतं, त्या पन्नास माणसांनी बाही वर केली ती माझ्या शब्दावर. त्यांचं रक्त कुठल्या तरी शिरेत गेलं की कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, हे मला माहीत असायला हवं होतं.

शिबिर गावात असलं की आणखी एक गोष्ट हातची जाते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन घटक वेगळे काढता येतात, म्हणून "एका दात्यानं तीन जीव वाचतात" असं आम्ही फलकावर लिहितो. पण प्लेटलेट काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत ते घटक वेगळे करणाऱ्या पेढीत पोचून यंत्रात फिरलं पाहिजे. सकाळी नऊला सुरू झालेलं शिबिर भाषणांपायी संध्याकाळी सहाला उठत असेल आणि गाडी शंभर किलोमीटरवर जाणार असेल, तर सकाळच्या पिशव्यांतल्या प्लेटलेट गेल्याच. पाहुणे येईपर्यंत पहिल्या दात्याला ताटकळत ठेवणारी शिबिरंही मी पाहिली आहेत.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात. हेल्मेट, बॅग, डबा, मिक्सरची सोडत. हे द्यायचं नाही असं सांगितलेलं असूनही सर्रास चालतं. वस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवरच्या प्रश्नांना खरी उत्तरं देईल याची खात्री नसते. कावीळ झाली होती का, गेल्या महिन्यात कुठलं इंजेक्शन घेतलं का, हे प्रश्न रक्तसुरक्षेतली पहिली चाळणी आहेत. तपासणी यंत्र नंतर येतं, आणि त्यालाही मर्यादा असते. संसर्ग झाल्यानंतरचे काही दिवस असे असतात की विषाणू रक्तात असतो आणि चाचणीत दिसत नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवतं ते फक्त दात्याचं खरं बोलणं.

हीच गोष्ट बदली दात्याला कितीतरी जास्त लागू होते, आणि या पद्धतीविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा मला हाच वाटतो. भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर आहे, बाहेर वहिनी रडते आहे, खिडकीवरचा माणूस म्हणतो दाता आणा. अशा वेळी त्या घरातला तरुण "मला मागे कावीळ झाली होती" असं म्हणेल का? सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर आपल्या शरीरसंबंधांविषयीच्या प्रश्नाला खरं उत्तर देईल का? त्याच्या जागी मी असतो तर मीही गप्प बसलो असतो. आणि ज्याला घरचा कुणी मिळतच नाही, तो चहाच्या गाडीवर विचारतो. तिथे कुणीतरी "बघतो" म्हणणारा भेटतो. पैसे घेतो, माणूस देतो, आणि तो माणूस फॉर्मवर 'चुलतभाऊ' लिहून आत जातो. १९९८ मध्ये ज्या धंद्याला दाराबाहेर काढलं, त्याला नात्याचा मुखवटा घालून आत यायला आपणच फट ठेवलेली आहे. जिथे बदल्यात माणूस मागितला जात नाही, तिथे दलालाला विकायला काही उरत नाही.

"घरचंच रक्त बरं" ही समजूतही आपल्याकडे खोल रुजलेली आहे. मुलाला वडिलांचं, बहिणीला भावाचं. माया समजण्यासारखी आहे, पण वैद्यकशास्त्र उलट सांगतं. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, आणि त्याच वेळी त्या पेशी मात्र रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. क्वचित घडणारी, पण घडली तर बहुतेक वेळा जीवावर बेतणारी ही गुंतागुंत आहे. म्हणूनच असं रक्त चढवायचंच असेल तर आधी त्यावर किरणोत्साराची प्रक्रिया करावी लागते. तशी सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी आहे. परक्याचं, नाव नसलेलं, फक्त नंबर असलेलं रक्त हेच सर्वांत चांगलं. पिशवीवर जात, धर्म, आडनाव काहीही नसतं. मला ही गोष्ट नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे.

आता डॉक्टरांकडे वळतो. त्यांना दुखवण्याचा हेतू नाही. पण "दोन पिशव्या आणा" लिहिणाऱ्या पेनाला त्या शब्दांचा भार जाणवत नाही, कारण धावपळ दुसऱ्याची असते. कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर झालेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. निम्म्या रुग्णांचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रक्त दिलं, निम्म्यांचं सातच्या खाली गेल्यावरच. कमी रक्त घेतलेले रुग्ण कुठेही मागे पडले नाहीत. त्यानंतर जगभर रक्त चढवण्याची पद्धत बदलली : रक्तस्राव चालू नसेल तर एका वेळी एक पिशवी द्या, पुन्हा तपासा, मग दुसरीचा विचार करा. आपल्याकडे मात्र ऑपरेशनआधी "हाताशी असू दे" म्हणून दोन, आणि आणल्याच आहेत तर चढवून टाकू, हे अजून चालतं. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या की घर हादरतं आणि नातेवाईकच डॉक्टरांच्या मागे लागतात. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट देण्याची गरज नसते, हे शांतपणे समजावून सांगायला वेळ लागतो. चिठ्ठी लिहायला लागत नाही. रक्त मिळवण्याचं काम रुग्णालयाच्या स्वतःच्या माणसावर पडलं, तर प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचली जाईल, असं मी खात्रीनं म्हणतो.

त्या ऊसतोड बाईंचीच गोष्ट घ्या. त्यांना दोन पिशव्या लागल्या त्या एका रात्रीमुळे नाही. गरोदरपणी त्यांचं हिमोग्लोबिन कुणी मोजलं होतं का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया, ५४ टक्के, रक्तक्षयाच्या निघाल्या. सातव्या महिन्यात रक्तक्षय कळला तर शिरेतून लोह देऊन तो भरून काढता येतो. नववा सरत आला की मग हातात फक्त रक्ताची पिशवी उरते. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला तर पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्झामिक आम्लाचं इंजेक्शन दिल्यानं रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात, हे वीस हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं आहे. औषध स्वस्त आहे. पण जी बाई दिवाळीनंतर घर सोडते आणि उन्हाळ्यात परत जाते, तिची नोंद गावच्या आशाताईकडे राहते आणि ती स्वतः दोनशे किलोमीटरवर मोळ्या उचलत असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आमच्या शिबिरात दरवर्षी कितीतरी बायका हौसेनं येतात, बोटाला सुई टोचून घेतात आणि "ताई, तुमचं रक्त कमी आहे, पुढच्या वेळी या" असं ऐकून परत जातात. बिस्किटाचा पुडासुद्धा घेत नाहीत, संकोचतात. आम्ही त्यांना कधी आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिली नाही. ज्यांना उपचारांची गरज होती, त्यांनाच आम्ही बाद म्हणून परत पाठवत होतो. आता देतो, पण किती वर्षांनी!

गरज सतत असते, उत्सवाला नसते, हे कुणाला पाहायचं असेल तर थॅलेसेमियाच्या मुलांच्या वॉर्डात एक सकाळ काढावी. दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर. मी पाहिलेली मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. डाव्या हाताला पट्टी बांधलेली, उजव्या हातानं वहीत चित्र काढत होती, पाय खाटेवरून खाली सोडून हलवत होती. आई पिशवीकडे नव्हे, लेकीच्या ओठांकडे पाहत होती. "सकाळी पांढरेफटक होते, आता बघा," म्हणाली. या आईकडे जाड फाइल होती, तिच्यात प्रत्येक वेळची तारीख. या मुलीला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त लागणार हे जानेवारीतच ठाऊक असतं. ठाऊक असलेल्या तारखेला रक्त तयार ठेवता येत नसेल, तर कमी पडते आहे ती व्यवस्था. आणि फिरून फिरून लोकांना दाते मागताना या आईचे जवळचे नातेवाईकही आता फोन उचलत नाहीत, हे तिनं मला हळू आवाजात सांगितलं.

व्यवस्था जमते, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध जगापुढे ठेवला. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. असा रुग्ण आला की एका शहरातून दुसऱ्या शहरात फोन जातात, कुणीतरी रजा टाकून गाडीत बसतो आणि रक्त पोचतं. त्या दात्यांची यादी ठेवलेली असते, त्यांनी शेवटचं कधी दिलं हे लिहिलेलं असतं, आणि गरज नसताना त्यांना कुणी मांडवात बोलावत नाही. दहा हजारांतल्या एकासाठी जे जमतं, ते दर तीन-चार माणसांत एक असणाऱ्या बी किंवा ओ पॉझिटिव्हसाठी जमत नाही असं कसं म्हणायचं?

अंतराचा प्रश्न मात्र फक्त यादीनं सुटणार नाही. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तेही बंद. अशा ठिकाणी नातेवाइकाला रक्त आणायला पाठवणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. आमच्यासारख्या सुखवस्तू तालुक्यातसुद्धा एसटीत थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कधी तर साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात बर्फाचे खडे. बर्फ थेट लागला की तांबड्या पेशी फुटतात. फार वेळ उबेत राहिली की पिशवी वापरण्याजोगी राहत नाही. हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. तसंच पेढीकडे जातानाच्या बल्बवर नाव चुकलं, दोन रुग्णांचे बल्ब खिशात अदलाबदल झाले, तर चुकीच्या गटाचं रक्त जाऊन माणूस दगावू शकतो. औषधशास्त्रातल्या इतक्या नाजूक वस्तूची ने-आण घाबरलेल्या, दोन रात्री न झोपलेल्या माणसावर सोपवणं हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. वर्षाला दोन हजार पिशव्यांपेक्षा कमी रक्त लागणाऱ्या ग्रामीण रुग्णालयांना रक्तपेढीचा पूर्ण परवाना न घेता मंजुरीवर साठवण केंद्र चालवण्याची मुभा २००१ पासून आहे. फ्रिज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, अखंड वीज आणि मुख्य पेढीची आठवड्याची गाडी एवढंच लागतं. जिथे केंद्र आहे पण तंत्रज्ञाची जागा रिकामी आहे, तिथे कुलूप लावलेल्या फ्रिजचा उपयोग नाही, म्हणून ती जागा भरून घेण्यासाठी ग्रामसभेत ठराव करणं हे मला आता शिबिराइतकंच महत्त्वाचं काम वाटतं.

पैशाचाही एक गैरसमज आहे. "मी दाता दिला, मग पैसे कसले?" रक्ताला किंमत नाही, ते विकता येत नाही, घेतात ते तपासणी, पिशवी आणि प्रक्रियेचं शुल्क. २०२२ पासून खासगी पेढीत तांबड्या पेशींच्या पिशवीसाठी १५५० रुपये आणि सरकारी पेढीसाठी ११०० रुपये ही मर्यादा आहे; जादा चाचण्या केल्या तर वेगळे. म्हणजे नातेवाईक शुल्क भरतोच. वर दाता मागायचा हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मग मागायचं काय? प्रत्येक रुग्णालयाच्या भरती खिडकीवर ठळक पाटी असावी की इथे रक्ताच्या बदल्यात दाता मागितला जाणार नाही, आणि मागितल्यास तक्रार कुठे करायची. वॉर्डातून पेढीकडे बल्ब आणि पेढीतून वॉर्डाकडे पिशवी नेणारा माणूस रुग्णालयाचा असावा. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर साठ्याचे आकडे त्या दिवशीचे असावेत, महिन्यापूर्वीचे नकोत. आणि जिल्ह्याच्या पातळीवर शिबिरांना तारखा वाटून द्याव्यात, जशी धरणाच्या पाण्याची पाळी वाटून देतात. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण ते आमच्या हौसेच्या आड येतं. नेत्याला सांगावं लागतं की साहेब, तुमच्या वाढदिवसाला नको, तुमच्या नावानं वैशाखात घेऊ.

आम्ही हे सांगितलं. बैठकीत वादावादी झाली. दोन कार्यकर्ते उठून गेले. तारीख ठरली मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली, एका मंगळवारची, सकाळी सात ते अकरा. मांडव नाही, शाळेचा वर्ग. पाहुणे नाहीत. पूर्वीच्या निम्मेही लोक आले नाहीत, फोटोत रांग दिसत नव्हती, आणि ज्या पोरांनी फोटो टाकायचा ते हिरमुसले होते. साडेअकराला गाडी निघाली. बारा दिवसांनी मी पेढीत फोन करून पहिल्यांदाच विचारलं, आमच्या पिशव्यांचं काय झालं. तंत्रज्ञ रजिस्टर उलटत होता, पानांचा आवाज येत होता. म्हणाला, "भाऊ, तुमच्यातल्या तीनच राहिल्यात. त्याही उद्या थॅलेसेमियाच्या पोरांना लावतोय. परत कधी येऊ?"